सेल्फ फिरतो, सुई हलत नाही

मंगळवार, रात्रीचे पावणेअकरा

पहाटे अडीचला भाजीच्या गाडीचा सेल्फ मारला. इंजिन फिरत राहिलं, पेटलं नाही. थोडं थांबून पुन्हा मारला, तरी तेच. बॅटरी चांगली होती, दिवे मंदावत नव्हते. डिझेल कालच भरलेलं. तिसऱ्यांदा मारताना मीटरवर नजर ठेवली, तर आरपीएमची सुई शून्यावरून हललीच नाही. सेल्फ फिरत असताना ती थोडी तरी उचलते. म्हणजे इंजिन फिरतंय ही खबर ईसीयूपर्यंत, इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत, पोचत नव्हती, आणि ती पोचल्याशिवाय ईसीयू इंजेक्टरमधून डिझेल सोडत नाही.

बॉनेट उघडलं तेव्हा आधी वास आला. मग टॉर्चच्या उजेडात दिसलं ते उंदराचं घरटं. बॉनेटखालचा कुरतडलेला स्पंज, गोणीची सुतळी, प्लास्टिकचे तुकडे आणि वाळलेल्या मेथीच्या काड्या. पिल्लं नव्हती, याचं मला बरं वाटलं.

वाशीच्या भाजी मार्केटमधून माल उचलायचा, ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, विटावा करत कळव्याच्या पुलावरून उजाडायच्या आत ठाण्याच्या जांभळी नाक्याला पोचवायचा, हा आमचा रोजचा क्रम. माल कोणासाठी थांबत नाही. मित्राला उठवलं, त्याची गाडी लावली. आजचं भाडं त्याचं.

एका वर्कशॉपला फोटो पाठवले. त्यांनी पूर्ण वायरिंग बदलायला सांगितलं, अठ्ठावीस हजार आणि चार दिवस. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, जोड दिलेल्या वायरीची जबाबदारी त्यांनी का घ्यावी? पण चार दिवस गाडी उभी ठेवणं मला परवडणारं नव्हतं. शेजारच्या काकांचं दार वाजवलं. काका सगळी नोकरी तुर्भ्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन म्हणून करून निवृत्त झालेत. माझे वडील माथाडी होते, कोपरखैरण्यातलं हे घर त्यातूनच मिळालेलं, तेव्हापासून आम्ही शेजारी. काका वायरी तपासायचा मीटर घेऊनच बाहेर आले.

‘हात लावू नकोस अजून. आधी बॅटरीची मायनस काढ.’

ती काढली. मग रबरी हातमोजे, तोंडाला रुमाल. पावसाचे दिवस आहेत, उंदराच्या मुतातून लेप्टो होतो आणि हातावरची एवढीशी जखमही त्याला पुरते. घरटं कोरडं झाडायचं नाही, धूळ उडते. त्यावर ब्लीचिंगचं पाणी फवारलं, दहा मिनिटं थांबलो, ओलंच उचलून पिशवीत बांधलं. कपलरवर, म्हणजे वायरी जिथे जोडतात त्या प्लगवर, ते पाणी जाऊ दिलं नाही, तांबं खराब होतं.

मग वायरी. सात कुरतडलेल्या, त्यांपैकी तीन आरपार तुटलेल्या. दोन क्रँक सेन्सरच्या, इंजिन फिरतंय ही खबर नेणाऱ्या. एक रेल प्रेशर सेन्सरला, म्हणजे डिझेलचा दाब मोजणाऱ्याला, पाच व्होल्ट नेणारी. उरलेल्या चारांचं फक्त इन्सुलेशन गेलेलं. उंदराला तांबं खायचं नसतं. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. इंजिनच्या उबेत वायरच पुढ्यात येते.

रंगावर विसंबता येत नव्हतं, काही ठिकाणी रंगाचं नावही राहिलं नव्हतं. ईसीयूच्या कपलरपासून एकेक वायर मीटरच्या बीपवर (दोन्ही टोकं एकाच वायरीची असली की तो वाजतो) शोधली, कागदावर लिहिली, टोकाला चिकटपट्टीचा झेंडा लावला. यातच दुपार झाली. घाईत पीळ देऊन टेप गुंडाळली असती तर गाडी अकरा वाजताही निघाली असती. पण पावसात टेप सुटते, ओल शिरते, तांबं हिरवं पडतं आणि मग गाडी कुठे थांबेल ते आपल्या हातात राहत नाही. पहाटेच्या अंधारात कळव्याच्या पुलावर मागून ट्रक येत असताना मला तसं उभं राहायचं नाही.

काका सोल्डरिंगला अजून डाखच म्हणतात. मी म्हटलं, गाडीत डाखापेक्षा क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेला जोड, बरा म्हणतात, हादऱ्याने डाखाची वायर तुटते. ते म्हणाले, ‘जोड तुटत नाही. डाख वायरीत जिथवर चढतो तिथवर ती कडक होते आणि त्याच्या पुढे तुटते. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधायची, तिला डुलू द्यायचं नाही.’ मला हे पटलं. बांधायला जागा होती, म्हणून डाखच दिला.

वायर कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे गेलो. तेवढ्याच जाडीच्या वायरीचा तुकडा मध्ये घेतला, ताण राहू नये म्हणून बोटभर जास्त. सगळे जोड एका रेषेत नकोत, जिन्याच्या पायऱ्यांसारखे पुढेमागे हवेत, नाहीतर तिथे गाठ होते आणि जोड एकमेकांना घासतात. फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचा लेप) राळेचा, अ‍ॅसिडचा नाही, अ‍ॅसिड आत राहून वायर खातं. आयर्न खालून वायरीला लावायचं आणि डाख वरून वायरीवरच वितळू द्यायचा. तो तारांमध्ये आपोआप ओढला गेला की समजायचं, जोड बसला. हे पाहताना मला फार समाधान मिळालं. वायर जोडण्याआधी तिच्यावर स्लीव्ह, म्हणजे जोड झाकणारी नळी, ओवायची एकदा माझ्याकडून राहत होती, तेव्हा काकांनी हात धरून थांबवलं.

क्रँक सेन्सरच्या दोन वायरी मुळात एकमेकींना पिळलेल्या असतात. आजूबाजूच्या वायरिंगचा गोंधळ सिग्नलमध्ये शिरू नये म्हणून. तो पीळ तसाच पुन्हा घातला. मग सेन्सरवर मोजलं, आठशे सत्तर ओहम. ईसीयूच्या टोकाकडून मोजलं, तेवढेच, म्हणजे मधे कुठे तुटलेलं नाही. काकांनी मीटर मला दाखवला, बोलले काहीच नाहीत.

सव्वापाचला मायनस लावून सेल्फ मारला. सुई उचलली. इंजिन पेटलं, आठशेवर स्थिरावलं. बायको दारातून बघत होती, ती आत जाऊन तिघांचा चहा टाकून आली.

स्लीव्ह, वायर, फ्लक्स आणि खालच्या फटीला लावायची जाळी, सगळं मिळून सहाशे चाळीस रुपये. जाळी पाव इंचाहून बारीक भोकांची घेतली, त्याहून मोठ्यातून लहान उंदीर जातो. इंजिनचा फिरता पट्टा आणि सायलेन्सरपासून लांब बांधली. डांबराच्या गोळ्या मी पूर्वी लावल्या होत्या. उघड्या इंजिनमध्ये वास दोन दिवसांत उडतो, त्यावर माझा भरवसा नाही.

पण त्या मेथीच्या काड्या दिवसभर डोळ्यांसमोर होत्या. त्या माझ्याच हौद्यातल्या. रोज माल उतरला की मी फळका लावतो आणि घरी येतो. पाल्याचा चुरा, फुटलेला टोमॅटो, एखादी काकडी रात्रभर मागेच पडलेली असते. पावसाने बिळांत पाणी शिरलं की उंदराला कोरडी जागा हवी असते. माझ्या गाडीत त्याला ऊब मिळाली आणि जेवणही.

जेवून खाली गेलो, हौदा झाडला, बादलीने धुतला. फळक्याच्या बिजागरीत अडकलेला पाला स्क्रू ड्रायव्हरने काढावा लागला. गाडी आमच्या खिडकीसमोरच आहे, म्हणून रात्री बॉनेट उघडंच ठेवलंय. अंधारी, बंद जागा उंदराला आवडते, ती तरी आज मिळू नये. पाऊस आला तर खाली जाऊन लावीन. गजर अडीचचा आहे.