रात्रीचा एक तास मोजायचा कसा

फिजिक्स शिकलेली बाई वीजवाटपात कुठून घुसली, हे मला बरेच जण विचारतात. ठरवून काहीच नव्हतं. पुण्यात शिकताना परम ८००० या आपल्या सुपरकॉम्प्युटरची गोष्ट ऐकलेली, अमेरिका तिकडचा क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला तयार नव्हती मग १९८८ ला सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली नि १९९१ ला आपलं मशीन उभं राहिलं वगैरे, तेवढ्यावर भारावून मी मान्सूनच्या कॉम्प्युटर मॉडेलकडं वळले. म्हणजे प्रत्यक्षात काय तर दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेतला कोड, एमपीआयचे (अनेक प्रोसेसरना एकमेकांशी बोलायला लावणारी पद्धत) एरर, आणि काम जॉब क्यूमध्ये, म्हणजे मशीनच्या रांगेत, टाकून बसून राहायचं.

माझं गाव बीड जिल्ह्यात. २००६ च्या आसपास राज्यात लोडशेडिंग जोरात होतं आणि कुठं किती तास लाईट घालवायची हे तिथली विजेची गळती किती नि बिलाची वसुली किती यावरून ठरायचं. त्याच टायमाला पुण्यात झिरो लोडशेडिंग! तिथल्या कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे म्हणजे तेवढी वीज शहराला उरते, वाढीव खर्च ग्राहकांच्या बिलातून. कागदावर दोन्ही एकदम लॉजिकल. पण गावात जो वेळेवर बिल भरायचा तोही अंधारातच की.

पुढं ग्रिडचं, म्हणजे वीजवाटपाच्या जाळ्याचं, कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करायला लागले तर तोच हिशोब कोडमध्ये. ऑप्टिमायझरला (सगळ्यात फायद्याचा पर्याय शोधणारा प्रोग्राम) नुसतं 'खर्च कमीत कमी कर' म्हटलं की तो गुमान लांबचा, गळतीवाला फीडर, म्हणजे गावाला वीज नेणारी लाईन, आधी बंद करतो. त्याला काय दोष देणार, आपण विचारलंच तसं. 'सगळ्यात कमी वीज मिळणाऱ्या फीडरचे तास वाढव' म्हटलं की उत्तर बदलतं, आणि त्यासाठी किती पैसे जास्त लागतील तेही कळतं. ढग, पंप, व्होल्टेज यांची हजारो कॉम्बिनेशन्स तपासायची असतात, ती एकमेकांवर अवलंबून नसतात म्हणून हजार कोअरवर, म्हणजे प्रोसेसरवर, वाटून टाकता येतात, इथं एचपीसी (सुपरकॉम्प्युटरवरची गणितं) खरंच कामाला येतं.

आणि शेतीपंपाची लाईट? बरीच वर्षं दिवसा ८ तास नाहीतर रात्री १० तास, अशी आळीपाळीनं मिळायची. मॉडेलला वाटतं रात्रवाल्याला २ तास जास्तच मिळाले, मजा आहे त्याची! रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलाय का कधी, साप, विंचू, जुन्नरकडं तर बिबट्या. २०१७ ची सौर कृषी वाहिनी योजना मला म्हणूनच पटते, दिवसाच्या उन्हावर दिवसाच पंप.

सध्या आमच्या टीममध्ये वाद चाललाय की मॉडेलमध्ये दिवसाचा तास एक धरला तर रात्रीच्या तासाला वजन किती द्यायचं. मी अर्धं म्हणते, सहकारी ०.८ म्हणतो. वडलांना फोनवर विचारलं तर म्हणाले, शून्य द्या.