जुन्या पिकअपचा ब्रेक पहिल्या दाबात लागत नाही तेव्हा

खानापूरहून बेळगावला भाजी नेणाऱ्या आमच्या जुन्या पिकअपचा ब्रेक गेल्या आठवड्यात उतारावर पहिल्या दाबात लागलाच नाही. दोन-तीनदा पेडल मारल्यावर मात्र तो घट्ट झाला. अशा वेळी बहुतेक जण वरून ब्रेक ऑइल ओततात आणि गाडी पुढे काढतात, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

मी गाडी सपाटीवर लावून पेडल एकसारखे दाबून धरले. बाहेर गळती नसताना ते हळूहळू खाली सरकले असते, तर पेडल दाबताच ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतील रबरांवर संशय घेतला असता. पण मागच्या डाव्या टायरची आतली बाजू ओली होती, आणि चाकासोबत फिरणारा ड्रम काढताच, चाकातल्या छोट्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखालून ओघळणारा थेंब व काळे, तेलकट लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) दिसले. असे लायनर पुसून पुन्हा बसवू नयेत, दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली.

डॉट ३ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण ते ओलावा शोषत जाते तसा तो बराच खाली येतो; तापून ऑइल उकळले की नळ्यांत वाफ होते आणि ब्रेक लागत नाही. म्हणून ओझे घेऊन बेळगाव-गोवा रस्त्यावरचा चोर्ला घाट उतरणाऱ्यांनी जुने ऑइल वेळीच बदलावे.