मिरजेत डॉक्टर असताना गावात सभा कशाला?

"मिरजेत एवढे डॉक्टर आहेत, मग बचत गटाच्या बायकांना गोळा करून मनाच्या आजारावर काय सांगत बसता?" नणंदेनं विचारलं, सरपंचांनी विचारलं, परवा एसटीत शेजारच्या बाईंनीही. दर वेळी मी विषय टाळला. तुम्ही विचारलंत म्हणून आज सांगते.

मिरजेला आम्ही गेलो होतो. वेळेत गेलो होतो. त्या साली द्राक्षं ऐन फुलोऱ्यात असताना पाऊस लागला, घड कुजले आणि ह्यांची झोप उडाली. पहाटे तीनला उठून कट्ट्यावर बसायचे. ताटातलं अर्धं तसंच. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं असेलही. बाहेर रांग होती आणि माझं लक्ष औषधांच्या बिलात. दहाव्या दिवशीही फरक दिसेना, वर मळमळ. सासूबाई म्हणाल्या, असल्या गोळ्यांची सवय लागते. मी पाकीट उचललं आणि हळदीच्या डब्यामागं सरकवलं. सासूबाईंनी नाही, देवऋष्यानं नाही. बी.ए. झालेल्या मी.

पुढच्या आठवड्यात ते एकदम शांत झाले. मला वाटलं, उतार पडला. एका संध्याकाळी त्यांनी औषध दुकानाची, सोसायटीची, सगळी देणी वहीत लिहून माझ्या हातात दिली. "तुला म्हाईत असावं." मी वही कपाटात ठेवून भाकरी थापायला बसले.

त्याच वेळी आशाताई जाऊबाईंच्या बाळाच्या लसीचं सांगायला आली होती. वहीचं तिच्या कानावर पडलं. ती ह्यांच्याशेजारी कट्ट्यावर टेकली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, जीव द्यावासा वाटतोय का?"

मी पिठाच्या हातानं बाहेर धावले. असलं अभद्र बोलतेस, नसलेलं मनात भरतेस, म्हणून ओरडले तिच्यावर. ह्यांनी मान वर न करता "व्हय" म्हटलं. मग खूप वेळ रडले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या रात्री आम्ही त्यांना एकटं सोडलं नाही, फवारणीची औषधं चुलत दिरांकडं नेऊन कुलपात ठेवली आणि सकाळी मिरज गाठली.

असं विचारल्यानं डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. आशाताईला हे एका प्रशिक्षणात कळलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

सभेनं कर्ज फिटत नाही, अवकाळी थांबत नाही, मान्य. मनाच्या आजारावर उपचाराचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दिलाय, पण दवाखान्यातली रांग तेवढीच आहे. आणि तेव्हाची मी अजून आतून भांडते: डॉक्टरांनीच नीट समजवायला हवं होतं ना? हवं होतं. पण पाकीट तर मीच सरकवलं होतं. ह्याचा निकाल माझ्याच्यानं लागत नाही.

सभेत मी सगळ्यांना १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मोबाइलमध्ये घालायला लावते. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरातलं कुणी बघेल म्हणून काही जणी तो "मावशी" नावानं ठेवतात. ठेवू देत.

हे लिहू का, असं ह्यांना विचारलं. "नाव नको घालू, बाकी लिही," म्हणाले. गोळ्या अजून चालू आहेत, आता चहाच्या डब्याशेजारी असतात. मी मोजणार नाही असं कबूल केलंय. तरी मोजते.