तुम्ही विचारलंत म्हणून : परदेशात रस्त्यावरचे खाऊन पोट बिघडत नाही का?

"तुम्ही म्हणे परदेशात रस्त्यावरच्या गाड्यांवर जेवता, मग पोट बिघडत नाही का?" हा प्रश्न मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंड उघडे असताना, विचारला गेला आहे. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न हमखास येतो, की शाकाहारी माणसाने तिथे खायचे तरी काय. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने ना विचारणाऱ्याचे समाधान होते ना माझे, म्हणून एकदा नीट लिहून काढते. पोट बिघडते, हे आधीच कबूल करते. माझे एकदा चांगलेच बिघडले होते. मात्र ते कशाने बिघडले, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही.

मी माहेरची मालवणची, राहते ठाण्याला, आणि मासे खाते. माझी धाकटी नणंद पक्की शाकाहारी आहे, अंडेही न खाणारी आणि चातुर्मासात कांदा-लसूण न शिवणारी. आम्ही दोघींनी सिंगापूर, बँकॉक आणि हनोई पाहिले, पण मलेशियातल्या पिनांग बेटावर, जॉर्ज टाऊन या गावात, दोनदा जाऊन राहिलो, म्हणून उदाहरणे बहुतेक तिथलीच देते. हे जुने बंदर २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले ते तिथल्या जुन्या वस्तीमुळे. आमच्यासारखे पुष्कळ जण मात्र तिथे जातात ते खाण्यासाठी.

पहिल्याच संध्याकाळी जे पाहिले त्याने माझी भीती निम्मी गेली. एका बंद दुकानाच्या पायरीशी गाडी लावून साठीच्या पुढचे एक गृहस्थ 'चार क्वे त्याव' नावाचा परतलेल्या शेवयांचा पदार्थ करत होते, आणि त्याखेरीज दुसरे काहीही करत नव्हते. कोळशाची शेगडी, तिच्या तोंडाशी एक छोटा विजेचा पंखा आणि वर काळीकुट्ट लोखंडी कढई. चरबीत लसूण पडली, तिच्यावर तांदळाच्या चापट, पांढऱ्या शेवया, मग काळा सोया आणि पाण्याचा एक हबका. शेवया उलथन्याने एका बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडे फोडले, कोळंबी टाकली, मुगाचे लांब मोड आणि हिरवी पात टाकली आणि तीन-चार झटक्यांत सगळे ताटलीत. ती चरबी डुकराची असते, हे ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावे. एका वेळी एकच ताटली होत होती. माझ्यापुढे अकरा जण होते आणि माझा नंबर यायला अर्धा तास लागला, पण कढईतून निघालेला पदार्थ दोन मिनिटांच्या आत माझ्या पुढ्यात होता, इतका कढत की पहिला घास तोंडात फिरवावा लागला.

त्या अर्ध्या तासात माझे उत्तर मला मिळाले. रांग आहे म्हणजे कोळंबी टोपलीत पडून राहत नाही. एकच पदार्थ आहे म्हणजे सकाळी आणलेला माल रात्री संपतो. आणि सगळे डोळ्यांसमोर होते म्हणजे काल शिजवून ठेवलेले आज गरम करून वाढण्याची सोयच नाही. आठ पानांचे मेनूकार्ड असलेल्या वातानुकूलित हॉटेलात दाराआड काय शिजते आणि कधी शिजलेले असते, हे मला कोण सांगणार? मी पाहते ती एकच गोष्ट : आग आणि तोंड यांच्या मधला वेळ. ठाण्यात स्टेशनबाहेर आपण कढईतून निघणाऱ्या वड्यासाठी थांबतो आणि ताटात मांडून ठेवलेल्याकडे पाठ फिरवतो, ते याच हिशेबाने. ही नजर आपल्याकडे असतेच. परदेशात गेल्यावर आपण ती विमानतळावर ठेवून का देतो, हे मला कळलेले नाही.

त्या ताटलीत एक गोष्ट मात्र मी घालू दिली नाही. चार क्वे त्यावमध्ये सर्वांत शेवटी शिंपल्यांचे मांस टाकतात आणि ते जेमतेम गरम होते न होते तोच उतरवतात; लालसर, अर्धकच्चे राहण्यातच त्याची गोडी, असे तिथले लोक म्हणतात. मला त्याचे आकर्षण नाही, कारण शिंपल्या चिखलातले पाणी गाळून जगतात आणि त्या पाण्यात जे असेल ते साठवतात. शांघायमध्ये १९८८ साली अशाच अर्धकच्च्या शिंपल्यांमुळे हेपटायटिस ए म्हणजे काविळीची साथ पसरली आणि सुमारे तीन लाख लोक आजारी पडले. शिंपल्यांना मलय भाषेत 'करांग' म्हणतात आणि 'ताक नाक करांग' एवढे म्हटले की काम होते. गृहस्थांनी मान हलवली. चेहऱ्यावर थोडी कीव होती.

दुसरी गोष्ट पाण्याची. पदार्थ उकळता असला तरी ताटली कशात धुतली, हा प्रश्न उरतोच, आणि रस्त्यावरच्या खाण्याची खरी दुखरी जागा ती आहे. सिंगापूरने हे ओळखून १९६८-६९ मध्ये फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि १९८६ पर्यंत त्यांना नळ, गटार आणि छप्पर असलेल्या हॉकर सेंटरांमध्ये नेऊन बसवले. पदार्थ तेच राहिले, माणसेही तीच राहिली, फक्त बादलीच्या जागी नळ आला. २०२० मध्ये युनेस्कोने तिथल्या या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारसा म्हणून मान्यताही दिली. ज्यांना अगदीच धीर होत नाही, त्यांनी सुरुवात सिंगापूरपासून करावी. (तिथे मोकळ्या टेबलावर टिश्यूचे पाकीट दिसले, तर टेबल कुणीतरी धरून ठेवले आहे असे समजायचे. आम्ही ते विसरलेले पाकीट समजून तिथे बसलो, आणि वर त्यातलेच दोन टिश्यू काढून टेबल पुसले. पाकिटाच्या मालकीणबाई दोन्ही हातांनी ताट सांभाळत परत आल्या, तेव्हाचा त्यांचा चेहरा अजून आठवतो.)

पिनांगमध्ये मुख्य जागा म्हणजे कोपितियाम, आपल्या जुन्या इराण्याच्या दुकानाला चारी बाजूंनी गाड्या जोडल्यासारखी. दुकानमालक फक्त कॉफी, चहा आणि सरबते विकतो. खाण्याचे पदार्थ वेगवेगळ्या गाडीवाल्यांचे असतात, प्रत्येकाला पैसे वेगळे द्यायचे आणि बहुधा ताटली टेबलावर आली की लगेच द्यायचे. पेय मागवणे हा शिष्टाचार आहे, कारण टेबल मालकाचे असते. कॉफी कापडी गाळणीतून काढतात; 'कोपी' म्हटले की तळाशी आटवलेले गोड दूध येते, 'कोपी ओ' म्हटले की काळी आणि साखर घातलेली, आणि साखरही नको असेल तर 'कोपी ओ कोसोंग'. आम्ही सकाळी सात वाजता जाऊन बसत असू आणि कोणत्या गाडीवर स्थानिक आजी-आजोबा जातात ते पाहून ठरवत असू. मिशेलिनच्या, खाण्याच्या उत्तम जागा निवडणाऱ्या मार्गदर्शिकेत पिनांगचा समावेश झाल्यापासून काही गाड्यांवर तिची पाटी लागलेली दिसते, पण पाटी पाहून येणारी रांग आणि रोजच्या माणसांची रांग यांत मी दुसरीकडे उभी राहते.

आता ज्या पदार्थासाठी मी पुन्हा पिनांगला जाईन, त्याविषयी. केक लोक सी हे मोठे बौद्ध मंदिर ज्या टेकडीवर आहे, तिच्या पायथ्याशी आयर इताम नावाची वस्ती आहे आणि तिथे आसाम लाक्सा मिळतो. आसाम म्हणजे आंबट. आपल्या राज्याशी त्याचा संबंध नाही. वाडग्यात तांदळाच्या जाड शेवया, त्यांच्यावर माशाचा दाट, तांबूस रस्सा, काकडी, अननस, पुदिना, एका रानटी आल्याच्या कळीचे बारीक काप आणि चमचाभर काळा, चिकट कोळंबीचा अर्क. पहिला घोट घेतला आणि मी चमचा खाली ठेवला. रश्शातला मासा बांगडा होता. त्याचे काटे काढून मांस रश्श्यातच मोडून टाकलेले होते आणि आंबटपणा चिंचेचा तर होताच, पण त्याच्या मागे आणखी एक, घशाच्या टोकाला लागणारा आंबटपणा होता, जो मी जन्मापासून ओळखते. गाडीवालीला खुणेने विचारले, तर तिने डब्यातून तपकिरी, वाळक्या चकत्या काढून दाखवल्या. त्या 'आसाम कपिंग' नावाच्या फळाच्या चकत्या होत्या, आणि ते झाड आपल्या कोकमाच्याच कुळातले, गार्सिनिया. बांगडा आणि आमसूल यांची सोयरीक फक्त आमच्या किनाऱ्यावर झाली, असे मी चाळीस वर्षे समजत होते.

नणंदेसाठी मात्र हा सगळा प्रदेश सापळ्यांनी भरलेला आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तिथे 'भाजी' या शब्दाचा अर्थ त्यात भाजी आहे एवढाच होतो. त्यात दुसरे काही नाही असा होत नाही. कांगकुंग म्हणजे आपली नाळीची भाजी, हिरवीगार परतून येते आणि तिच्यात 'बलाचान' असते. बलाचान म्हणजे जवळा आंबवून, कुटून, वाळवून केलेली वडी. ताट टेबलावर आले तेव्हा नणंदेने एकदा वास घेतला आणि म्हणाली, "वहिनी, हा तुमच्या माहेरचा वास आहे." तेव्हापासून आम्ही 'शाकाहारी आहे का' असे विचारणे सोडले आणि 'बलाचान आहे का' असे नेमके विचारू लागलो. थायलंडमध्ये हाच प्रश्न माशाच्या सॉसविषयी विचारावा लागतो. रोटी चनाईबरोबरची डाळ साधी दिसली तरी तिच्यात माशाची करी मिसळून वाढण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, म्हणून 'फक्त डाळ' असे बजावून सांगावे.

यातून सुटका होते ती चिनी शाकाहारी गाड्यांवर. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेले असते आणि त्या स्वयंपाकात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसते. ज्या घरात कांदेनवमी पाळली जाते, त्या घरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, नऊ सम्राट देवांचा नऊ दिवसांचा उत्सव असतो. फुकेत आणि पिनांग या दोन्ही ठिकाणी तो जोरात होतो आणि त्या दिवसांत पिवळे झेंडे जागोजागी लागतात. व्हिएतनाममध्ये 'चाय' हा शब्द पाठ करावा. तिथे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक चाय जेवतात.

गोडाच्या बाबतीत तर नणंद माझ्यापेक्षा सुखी होती. सकाळच्या बाजारात 'कुईह' विकणाऱ्या बायका बसतात आणि त्यांच्या परातीत तांदळाचे पीठ, नारळ आणि माडाचा गूळ यांपलीकडे फारसे काही नसते. 'ओंदे-ओंदे' ही हिरवी गोळी दाताखाली फुटली की आतला पातळ गूळ जिभेवर येतो. पुतू मायाम म्हणजे थेट आमचे शिरवाळे, फक्त नारळाच्या गोड रसाऐवजी वर कोरडा खोवलेला नारळ आणि गूळ घालतात. मला हे किंचित अपुरे वाटले, पण तो माझा पक्षपात समजावा.

आता माझे पोट. दुसऱ्या खेपेला एका सकाळी सात वाजता मी नासी लेमाकचा पुडा घेतला. केळीच्या पानात नारळाच्या दुधात शिजवलेला भात, तिखट सांबल, तळलेल्या बारीक सुक्या मासोळ्या, शेंगदाणे, उकडलेले अर्धे अंडे. तिथला हा न्याहारीचा पदार्थ. त्या दिवशी पोट आधीच भरलेले होते, म्हणून पुडा खोलीवर नेऊन छोट्या फ्रीजमध्ये ठेवला आणि दाराजवळचे कार्ड काढून आम्ही फिरायला गेलो. कार्ड काढले की खोलीतली सगळी वीज जाते आणि फ्रीजही बंद पडतो, हे मला दुपारी चार वाजता पुडा सोडून खाताना सुचले नाही. सात वाजता उलट्या सुरू झाल्या. शिजवलेला भात कोमट हवेत पडून राहिला, की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो. त्याचे बीज शिजवण्यातून टिकून राहते आणि त्याने सोडलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, आणि मी तर गरमही केला नव्हता. एक ते सहा तासांत ओकाऱ्या, हे त्याचे ठरलेले वेळापत्रक. माझे तीन तास झाले होते. नणंदेने लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून रात्रभर घोट घोट पाजले आणि सकाळपर्यंत एवढेच म्हणाली, "वहिनी, घरी शिळा भात तरी फोडणीला टाकता."

ज्या बाईकडून पुडा घेतला, ती दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यावर होती. तिच्या टोपलीत साडेआठला चार पुडे उरले होते आणि नऊ वाजता ती आवरून गेली. मी त्यातला एक घेतला आणि तिच्याच बाकावर बसून खाल्ला.