निळी गोळी, अर्धी

आज दिवसभर पटकथेतल्या एकाच प्रसंगाला चिकटून होते. भाऊ आणि थोरली बहीण वडिलांचं घर रिकामं करताहेत. वडील जाऊन महिना झालाय, घर विकायचंय, सही दोघांची लागणार. वडिलांचं सगळं दुखणंखुपणं भावाने काढलं. ताई लांब होती, फोनवर होती. एवढा ऐवज हाताशी असला की पहिला खर्डा भराभर उतरतो:

'तू कुठे होतीस इतकी वर्षं? सगळं मी एकट्याने केलं.'
'कळतं रे मला. रोज टोचतं ते.'

असं लिहिण्याबद्दल नव्या लेखकांना फार धाक घातला जातो. पात्रांनी मनातलं बोलायचं नाही, सगळं आडून सुचवायचं, हे त्यांना अगदी सुरुवातीलाच बजावलेलं असतं. मला हे पटत नाही. एकदा तरी पात्रांना सगळं तोंडावर बोलू द्यावं. भावाला पैसे नकोत, 'तू केलंस' एवढी पोच हवीय, हे मला त्या ढोबळ संवादांतूनच सापडलं. ताईला माफी हवीय आणि मागायचं बळ तिच्यात नाही, हेही तिथेच. एवढं कळलं की ती पानं बाजूला ठेवायची. फाडायची नाहीत, पुढच्या प्रसंगांत पुन्हा लागतात. फक्त ती लेखकासाठी असतात, कॅमेऱ्यासाठी नाहीत.

कारण पटकथेत दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच लिहिता येतं. कादंबरीत 'त्याला एकदम वडिलांची आठवण झाली' असं लिहून पुढे जाता येतं. तेच वाक्य छायालेखकाच्या हातात दिलं तर तो विचारणार, मी कॅमेरा कशावर लावू? मग मी त्या खोलीत काय काय असेल याची यादी करत बसले. चष्मा, काठी, जुना रेडिओ. हे लगेच सुचलं, म्हणजे कुणालाही सुचेल, म्हणून बाद. बऱ्याच वेळाने औषधांची डबी आली. सात खणांची, वारांची अक्षरं असलेली. सोमवार ते बुधवार रिकामे, गुरुवारपासूनचे खण भरलेले. वडील कधी गेले हे सांगायला आता संवादाची गरजच उरली नाही.

संध्याकाळी प्रसंग असा उतरला:

ताई डबी उघडते. 'ही निळी कशाची?'
भाऊ पाठमोरा, खोक्याला चिकटपट्टी लावतोय. मान न वळवता: 'झोपेची. अर्धीच द्यायची.'
चिकटपट्टीचा आवाज थांबतो.
ताई झाकण लावते. डबी आपल्या पर्समध्ये ठेवते.

यापुढे ताईचं एक वाक्य होतं, 'तू खूप केलंस रे.' मोठ्याने वाचून पाहिलं आणि काढलं. ती डबी टाकून न देता पर्समध्ये ठेवते, तेव्हाच त्याला पोच मिळालेली असते. आपल्याला आवडलेलं वाक्य काढताना हात अडतो, पण अशा वेळी प्रेक्षकावर विश्वास टाकावा. जे त्याने स्वतः जोडलं, ते त्याचं होतं.

'चिकटपट्टीचा आवाज थांबतो' ही ओळ मुद्दाम वेगळी ठेवली आहे. इंग्रजी पटकथा १२ पॉइंटच्या कुरिअर टंकात लिहायची रूढी आहे. त्यात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते आणि एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा अंदाज बांधता येतो. म्हणजे पानावरची जागा हा वेळ असतो. परिच्छेदात कोंबलेली शांतता वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. तिला स्वतःची ओळ दिली की तो तिथे थांबतो, आणि पुढे नटही थांबतो.

सारखं 'इकिरू' डोक्यात येतंय. १९५२ चा जपानी चित्रपट. पटकथा अकिरा कुरोसावा, शिनोबु हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनी यांची. कर्करोगाने मरायला टेकलेला सरकारी कारकुनीतला म्हातारा, वातानाबे, उरलेल्या दिवसांत काय करायचं ते त्याला एका उपाहारगृहात उमगतं. खेळण्यातला ससा हातात धरून तो लगबगीने जिना उतरतो. त्याच वेळी जिन्यावर जमलेल्या मुली आपल्या मैत्रिणीसाठी वाढदिवसाचं गाणं म्हणताहेत. गाणं तिच्यासाठी आहे, ती वर येतेय; तो खाली जातोय. माणूस नव्याने जन्मला हे कुणी बोलत नाही. पुढे तर लेखक त्याला शेवटाच्या बरंच आधी मारतात आणि उरलेली गोष्ट त्याच्या अंत्यविधीला जमलेल्या सहकाऱ्यांच्या आठवणींतून उलगडतात. त्याने नक्की काय केलं यावर ते वाद घालत बसतात, आणि आपण तो जिना पाहिलेला असतो! किती धाडसाची रचना आहे ही.

रचनेची गणितं मला वर्ज्य नाहीत. पटकथालेखन शिकवणाऱ्या सिड फील्ड यांनी १९७९ मध्ये मांडलेला १२० पानांचा आराखडा, ३०-६०-३० असे तीन अंक, पूर्ण खर्डा तपासताना कामाला येतो. कोऱ्या पानासमोर मात्र त्याचा मला उपयोग होत नाही. तिथे एकच प्रश्न चालतो: या माणसाला आत्ता, या खोलीत, समोरच्याकडून काय हवंय?

उद्या दलालाचा प्रसंग घ्यायचाय. त्याला या दोघांच्या दुःखाशी देणंघेणं नाही, त्याला सह्या हव्यात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वेळेवर पोचायचंय. अशी पात्रं नुसती निरोप्यासारखी येऊन जातात, ते टाळायचंय. आधी त्याला एकट्याला बोलतं करते, दोन-तीन पानं, सगळं तोंडावर. मग खोलीत आणते.