तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्र्याच्या कानात काय टाकू?

कुत्रा पाळणाऱ्या ओळखीतल्यांकडून हा प्रश्न हमखास येतो, सोबत कानाचा एक धूसर फोटो, आणि माझं उत्तर दरवेळी तेच, व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, आत बघेपर्यंत काहीही टाकू नका. काहींना रागच येतो. पण कुत्र्याचा कान सरळ आत जात नाही हो, आधी खाली उतरतो आणि मग आडवा वळतो, म्हणजे पडदा आपल्याला बाहेरून दिसतच नाही, आणि तो फाटलेला असताना भलतं औषध आत गेलं तर बहिरेपणा येऊ शकतो, तोल जाऊ शकतो. त्यामुळे माणसांचे ड्रॉप्स, मागच्या वेळची उरलेली बाटली, तेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, सगळं कपाटातच राहू दे.

ओळखायचं कसं? चांगला कान फिकट गुलाबी असतो, किंचित मळ चालतो, वास जवळजवळ नसतो. बिघडला की डोकं झटकणं, कान खाजवताना कण्हणं, फर्निचरला घासणं, हात लावायला गेलं की मान काढून घेणं. माझा भरवसा नाकावर जास्त, कान उलटून वास घ्याच. तपकिरी तेलकट मळ आणि कुबट वास असेल तर बहुतेक यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. पिवळा-हिरवट पू आणि नाक धरावं अशी घाण म्हणजे बॅक्टेरियाची शंका. पिल्लाच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखं काळं काळं दिसलं तर माइट्स, म्हणजे कानातले बारीक किडे, असू शकतात. आणि गवतातून हुंदडून आल्यावर अचानक एकच कान ओरबाडायला लागला तर आत कुसळ गेलंय का बघून घ्या, म्हणजे व्हेटकडून, चिमटा घेऊन स्वतः नाही!

तरी हे सगळे अंदाजच. कानातला मळ काचपट्टीवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघितला की नक्की कळतं, यीस्टचं औषध वेगळं आणि बॅक्टेरियाचं वेगळं, ते न बघता ड्रॉप्स लिहून मिळाले तर खुशाल विचारा.

सफाई व्हेटने सांगितली असेल तरच, आणि कुत्र्यांसाठीच्या क्लीनरनेच. कान भरेल इतकं ओतायचं, बुडाशी अर्धा मिनिट चोळायचं, आतून पचक पचक आवाज यायला हवा, मग सोडून द्यायचं, तो जोरात झटकतो आणि आतला मळ वर येतो (भिंतीवर पण येतो, जुने कपडे घाला). मग बोट जाईल तेवढंच कापसाने पुसायचं. इयरबड अजिबात नको, मळ अजून खाली ढकलला जातो. ड्रॉप्स त्यानंतर थोड्या वेळाने, आणि खाज थांबली म्हणून मध्येच बंद करायचे नाहीत, परत दाखवून व्हेट म्हणेल तेव्हाच.

खरी गोम मात्र पुढे आहे. कान बरा होतो आणि काही दिवसांत पुन्हा तेच, तेव्हा लोक ड्रॉप्सचा ब्रँड बदलत बसतात. वारंवार होत असेल तर मुळाशी बहुतेक वेळा ॲलर्जी असते, कान ही शेवटी त्वचाच आहे. पंजे चाटतो का, पोट लाल होतं का, ठराविक सीझनमध्ये वाढतं का, हे लिहून ठेवा. खाण्याची शंका असेल तर व्हेट साधारण ८ आठवडे ठरवून दिलेलंच अन्न द्यायला सांगतात, त्यात एक बिस्किट जरी चोरून दिलं तरी सगळं मुसळ केरात, आणि ते देणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतंच.

डोकं एका बाजूला कलणं, चालताना झोकांड्या जाणं किंवा झटकून झटकून कानाची पाळी फुगणं, यातलं काही दिसलं तर फोटो पाठवत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.