टेक्स्टमधली वेळ टाइमस्टँपमध्ये नेताना

टेक्स्ट कॉलममधल्या तारखा टाइमझोनवाल्या टाइमस्टँपमध्ये (तारीख-वेळ साठवायच्या डेटाप्रकारात) नेताना माझे दोन दिवस गेले, म्हणून लिहून ठेवतोय. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये '२०२४-११-०३ ०१:३०' अशी ऑफसेट (यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक) नसलेली स्ट्रिंग थेट कास्ट केली, म्हणजे तिचा प्रकार बदलला, की ते सेशनचा, म्हणजे चालू कनेक्शनचा, टाइमझोन धरून चालतं, म्हणजे तीच क्वेरी माझ्या मशीनवर एक वेळ देते आणि सर्व्हरवर दुसरी, आणि एरर काहीच येत नाही, हेच सगळ्यात वाईट. त्यापेक्षा आधी साध्या टाइमस्टँपला कास्ट करायचं, मग 'ॲट टाइम झोन' लावून झोनचं पूर्ण नाव ('America/New_York' असं) द्यायचं. पण स्ट्रिंगमध्ये आधीच +०५:३० वगैरे असेल तर असं करू नका हं, साधा टाइमस्टँप तो ऑफसेट गुपचूप टाकून देतो. आणि झोनच्या जागी 'यूटीसी+५' तर अजिबात लिहू नका, तिथे पॉसिक्सचा (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकाचा) नियम लागतो, चिन्ह उलटं धरलं जातं.

वरची ती ०१:३० न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी दोनदा आली, घड्याळ तासभर मागे नेल्यामुळे. त्यातली खरी कुठली हे डेटा देणाऱ्यालाच विचारावं लागतं. शिवाय टाइमझोनवाला टाइमस्टँप साठवला जातो तो यूटीसीमध्ये, मूळ झोन राहत नाही, तो हवा असेल तर वेगळा कॉलम ठेवा.